धारेचं मशीन आणि विजेचं बिल
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

मी बचत गटांची समन्वयक. गटांच्या बैठका घेणं, वह्या तपासणं, बँकेत कर्जाची प्रकरणं पोचवणं हे माझं काम. शिक्षण म्हणाल तर बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. मोटर, पंप, युनिट यातलं मला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तरी आज मी बोलणार आहे ते धार काढायच्या मशीनवर आणि ते मशीन खातं त्या विजेवर. हे मी पुस्तकातून थोडं शिकले आणि आमच्या गटातल्या एका अक्कांच्या गोठ्यात वही आणि घड्याळ घेऊन बसून जास्त शिकले. शिकता शिकता माझ्या हातून एक मोठी चूकही झाली. तीही आज सांगणार आहे, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

या अक्कांच्या दावणीला सहा दुभत्या गाई. दोन वेळचं मिळून साठ लिटरच्या आसपास दूध. एवढं दूध त्या आणि त्यांची सून हातानं काढायच्या. अक्कांचं वय पन्नाशीच्या पुढं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात कळ यायची. रात्री भाकरी थापताना हात चालायचा नाही. गटाच्या बैठकीत सही करायला पेन धरलं की बोटं थरथरायची. म्हणून गटानं ठरवलं आणि त्यांना मशीनसाठी ४०,००० रुपयांचं कर्ज दिलं. ठराव मीच लिहिला होता. महिन्याला २,००० रुपयांचा हप्ता ठरला. मशीन आलं, आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले.

दोन महिन्यांनी अक्का बैठकीला आल्या त्या हातात लाईट बिल घेऊन. म्हणाल्या, "ताई, हे बघा की. मशीन आलं आणि मीटर घोड्यासारखा पळाय लागलाय." आधी आठशेच्या आत येणारं बिल अडीच हजारांच्या आसपास गेलं होतं. हप्ता भरायला पैसे नव्हते. गटातल्या दोघी-तिघी कुजबुजायला लागल्या की आता आपल्या पैशाचं काय. आणि घरात मुलगा म्हणत होता, "विकून टाका ते मशीन. आधी बायका हातानं धारा काढत नव्हत्या का?"

हे वाक्य मला फार लागलं. कारण विजेचं बिल छापून येतं, त्यावर तारीख असते, आकडा असतो. अक्कांच्या मनगटाचं बिल कुठंच छापून येत नाही. म्हणून आजचं बोलणं सुरू करतानाच सांगते, वीज वाचवायची म्हणून पुन्हा हातावर या, असं मी कुणालाही सांगणार नाही. मशीनही राहिलं पाहिजे, हातही राहिले पाहिजेत आणि बिलही आटोक्यात आलं पाहिजे. हे तिन्ही होतं. कसं, ते ऐका.

आधी माझी चूक. अक्कांचं बिल बघून मी घाईघाईनं डोकं चालवलं. मला वाटलं, धार लवकर आटपली तर मोटर लवकर बंद होईल आणि वीज वाचेल. मशीनला हवेच्या ओढीचा काटा असतो, घड्याळासारखा. अक्कांना म्हटलं, "ओढ थोडी वाढवून बघा." त्यांनी काटा तेराच्या जवळ होता तो अठरापर्यंत नेला. पहिले दोन दिवस दूध भराभरा आलं. अक्का खूश, मी खूश. आठवड्याभरात गाई कप लावताना लाथा झाडायला लागल्या. सडांची टोकं लाल झाली, चरचरीत झाली. आणि दहाव्या-अकराव्या दिवशी सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईची कास एका बाजूनं कडक झाली. दगडी. डॉक्टर आले, औषध सुरू झालं आणि औषधाचा अंश असेपर्यंतचं तिचं दूध डेअरीला घालता आलं नाही, ओतून द्यावं लागलं. विजेचे वाचले असते त्याच्या कितीतरी पट पैसे दुधात गेले.

अक्का मला रागानं काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून केलं, ताई." पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही चूक माझी आहे, मला माहिती नसताना मी सल्ला दिला. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. गाईसाठी हवेची ओढ साधारण १२ ते १५ इंच, काही काट्यांवर हाच आकडा ४० ते ५० किलोपास्कल असा लिहिलेला असतो. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तो धरायचा. म्हशीसाठी वेगळा दिला असेल तर म्हशीला तो. वीज वाचवायची म्हणून किंवा घाई आहे म्हणून त्या काट्याला हात लावायचा नाही.

मग वीज वाचवायची कुठं? त्यासाठी मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अक्कांच्या गोठ्यात बसले. आधी पशुसखीला बरोबर घेतलं, तिला जनावराचं कळतं. आणि मीटरजवळ अक्कांच्या नातीला उभं केलं, ती सातवीत आहे. घरातला फ्रीज, टीव्ही, पंखा सगळं बंद करायचं, धार सुरू होण्याआधी मीटरचा आकडा लिहायचा आणि धार संपल्यावर परत लिहायचा. एवढं साधं काम.

आता युनिट म्हणजे काय ते एकदा समजून घेऊ. १,००० वॅटचं यंत्र एक तास चाललं की १ युनिट. धारेच्या लहान मशीनला बहुतेक १ एचपीच्या आसपासची मोटर असते. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. पण मोटर स्वतः तापण्यातही थोडी वीज खाते, म्हणून आपल्या हिशोबाला तासाला जवळजवळ १ युनिट धरा. यातली खरी गोम अशी की ही मोटर दुधाच्या लिटरवर वीज खात नाही, तासावर खाते. कप गाईला लावलेले असोत की खुंटीला टांगलेले असोत, मोटर फिरतेय तोवर मीटर फिरतोय. म्हणजे आपल्याला मोजायची ती मिनिटं.

अक्कांच्या गोठ्यात एका वेळची मोटर ८० मिनिटं चालत होती. मी वहीत एकेक मिनिट लिहिलं. मोटर सुरू करून मग अक्का आंबोण कालवायला जायच्या, १० मिनिटं गेली. दूध येणं थांबल्यावरही कप गाईला तसेच राहायचे, किंवा गाय पान्हा चोरून उभी असायची, सहा गाईंचे मिळून १५ मिनिटं गेली. शेवटी मशीन धुताना ब्रश मारेपर्यंत मोटर चालूच, १२ मिनिटं गेली. बेरीज करा. ३७ मिनिटं. ८० मिनिटांतली ३७ मिनिटं मोटर फुकट फिरत होती. दिवसाला दोन वेळा, महिन्याला ३० दिवस.

आता एकेक गोष्ट घेऊ.

पहिली, मोटरच्या आधीची तयारी. पेंड, आंबोण, कास पुसायची फडकी, कोमट पाणी, सड बुडवायचं औषध, गाळणी, किटल्या, सगळं हाताशी आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. स्वयंपाकात आपण कढई तापत ठेवून कांदा आणायला शेजारी जातो का? तसंच हे.

दुसरी, पान्हा. ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण इथं गाईचंही भलं आहे आणि विजेचंही. कास धुऊन, पुसून, सडातल्या पहिल्या दोन-चार धारा हातानं काढल्या की गाईला इशारा मिळतो. तिच्या रक्तात पान्ह्याचं रसायन उतरतं आणि मिनिट-दीड मिनिटात सड दुधानं फुगतात. हा पान्हा जास्त टिकत नाही, पाच ते आठ मिनिटांत ओसरतो. तेवढ्यातच धार व्हायला हवी. अक्का काय करायच्या, काम आटपावं म्हणून सहाही गाईंच्या कासा एकदम धुऊन घ्यायच्या. मग पहिल्या दोन गाई बरोबर, पण तिसऱ्या-चौथ्या गाईची पाळी येईपर्यंत तिचा पान्हा जिरून गेलेला. कप लावले तरी दूध तुटक तुटक. मोटर फिरतेय आणि गाय उभी.

आता त्यांनी असं बसवलंय. एका गाईची धार संपत आली की सून पुढच्या गाईची कास धुते, पुसून कोरडी करते, पहिल्या धारा काळ्या वाटीत काढून बघते, त्यात गुठळ्या किंवा पाणी दिसतंय का. दिसलं तर त्या गाईला मशीन लावायचं नाही, आधी पशुसखीला दाखवायचं आणि तिची धार सगळ्यात शेवटी, वेगळ्या भांड्यात काढायची. नाही दिसलं तर कप. एका गाईला सात मिनिटांच्या आत काम होतं. म्हैस असेल तर तिला पान्हा सोडायला गाईपेक्षा वेळ लागतो, तेव्हा सड भरलेले दिसल्यावरच कप लावा. आणि बाई गं, पान्ह्यासाठी इंजेक्शन मारायच्या नादाला लागू नका. आंबोण, ओळखीचा हात आणि रोजची ठरलेली वेळ एवढ्यावर जनावर पान्हवतं.

तिसरी, कप वेळेवर काढणं. पारदर्शक नळीतून दूध येताना दिसतं. ते बारीक झालं, थांबलं की आधी ओढ बंद करायची आणि मग कप काढायचे. ओढ चालू असताना कप ओढून काढले तर सडाला इजा होते. दूध संपल्यावर लावून ठेवलेले कप रिकाम्या सडाला ओढत राहतात. त्यातून दगडीला आमंत्रण आणि मीटरला काम. "शेवटचा पावशेर निघू दे" म्हणून थांबू नका. कप काढल्यावर सड औषधात बुडवा आणि गाईपुढं वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास तरी बसणार नाही. धार झाल्यावर सडाचं तोंड थोडा वेळ उघडं असतं, तेवढ्यात ती शेणात बसली तर जंतू आत जातात.

चौथी, गळती. नळीला बारीक चीर, झाकणाचं रबर ताठरलेलं, कपाच्या आतलं रबर, ज्याला लायनर म्हणतात, ते ढिलं पडलेलं. यातून हवा आत शिरते, ओढ कमी पडते, धार लांबते आणि मोटर जास्त वेळ फिरते. अक्कांच्या मशीनची एक नळी गाईनं तुडवली होती. वरून काही दिसत नव्हतं. सगळे आवाज बंद करून कान लावला तर सूं सूं ऐकू आलं. आठवड्यातून एकदा असा कान लावा. एक आवाज मात्र असायलाच हवा, ओढ सांभाळणाऱ्या झडपेतून धार चालू असताना थोडी हवा आत जाते त्याचा. तो अजिबात येत नसेल तर मशीनची ओढ पुरत नाही असं समजा आणि मेस्त्रीला दाखवा. नवीन मशीन असताना मोटर बंद केल्यावर काटा खाली यायला किती वेळ लागतो तेही वहीत लिहून ठेवा. पुढं तो त्याच्यापेक्षा झटकन खाली यायला लागला की कुठंतरी गळती आहे.

लायनरचं एक गणित सांगते. रबरी लायनर साधारण २,५०० धारांनंतर बदलावे लागतात. पाच गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला १० धारा. २५० दिवस झाले, म्हणजे आठेक महिने. अक्कांच्या सहा गाईंना दिवसाला १२ धारा, म्हणजे सात महिन्यांत लायनर संपले. पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळा. फाटेपर्यंत वापरायची ही वस्तू नाही. मऊपणा गेलेल्या रबरानं धारही लांबते आणि सडही दुखतात. कर्ज घेतानाच वर्षाच्या लायनरचे पैसे हिशोबात धरा. आमच्या ठरावात ते नव्हते, आता असतात.

पाचवी, पंप आणि मोटर. पट्टा असलेलं मशीन असेल तर पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबून बघा, अर्धा इंच दबावा. जास्त ढिला असेल तर तो घसरतो, मोटर फिरते आणि पंप मागं राहतो. फार ताठ असेल तर बेअरिंग जातात. तेलावर चालणारा पंप असेल तर तेलाची बाटली रोज बघा आणि पुस्तिकेत सांगितलेलंच तेल घाला. घरात उरलेलं कसलंही तेल ओतू नका. हवेची जाळी महिन्यातून एकदा साफ करा. मोटरवर पोतं, वैरण ठेवू नका, तिला वारा लागू द्या.

गावात व्होल्टेज कमी असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कमी व्होल्टेजला मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळतेही. म्हणून कडबा कुट्टी, पाण्याची मोटर आणि धारेचं मशीन एकाच वेळी चालवू नका. मीटरपासून गोठा लांब असेल तर बारीक वायरवर मोटर चालवू नका, मोटरला झेपेल अशी जाड वायर वायरमनकडून टाकून घ्या. अर्थिंग नीट आहे का ते बघून घ्या आणि करंट गळला की आपोआप बंद होणारा ईएलसीबी बसवून घ्या. गोठ्यात जमीन ओली, हात ओले, पायात चप्पल नाही. इथं काटकसर करायची नाही. आपल्याला जाणवणारही नाही एवढा झटका गाईला जाणवतो. एखादी गाय मशीनजवळ आली की बुजते, पाय झाडते, तर "खोडकर आहे" म्हणण्याआधी लोखंडी पाईपात करंट उतरलाय का ते वायरमनकडून तपासा.

आता मोटरची बाजू झाली. पण मैत्रिणींनो, तीन दिवस मीटर बघून आम्हाला जे कळलं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. अक्कांचं निम्मं नसेल पण निम्म्याच्या जवळपास वाढीव बिल मशीनचं नव्हतंच. ते होतं मशीन धुवायच्या गरम पाण्याचं.

अक्का प्रत्येक वेळी २० लिटरच्या बादलीत विजेचा रॉड टाकायच्या. २५ अंशांचं २० लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवायला १ युनिटपेक्षा थोडी जास्तच वीज लागते. दोन वेळचे दोन युनिट. महिन्याचे साठाच्या वर. तिकडं ८० मिनिटांप्रमाणे मशीनचे महिन्याचे ८० युनिट. दोन्ही मिळून १४० च्या आसपास युनिट वाढले. आणि घरगुती जोडणीला १०० युनिटच्या वरच्या प्रत्येक युनिटचा दर मोठा असतो. अक्कांचं आधीचं घरचंच नव्वदच्या घरात जायचं. म्हणजे जवळजवळ सगळे नवे युनिट महागाच्या दरात पडले. म्हणून बिल एवढं उडालं. यात मीटरचा दोष नव्हता.

आणि बिल वाढलं म्हणून अक्कांनी काय केलं होतं माहिती आहे? गोठ्यातला बल्ब काढून टाकला होता! ९ वॅटचा एलईडी बल्ब १ युनिटमध्ये शंभर तासांहून जास्त जळतो. पहाटे पाच वाजता त्या अंधारात, मोबाईलच्या उजेडात धार काढत होत्या. सडाला जखम आहे का, दुधात गुठळी आहे का, काही दिसायचं नाही. आपण बायका नेहमी असंच करतो बघा. आधी स्वतःच्या सोयीची वस्तू बंद करतो. म्हणून मोजायचं. मोजलं की कळतं कुठं हात घालायचा.

मग गरम पाणी बंद करायचं का? नाही. आमच्याच एका वहिनींनी ते करून बघितलं. थंड पाण्यानं मशीन धुतलं. चार दिवसांनी नळीत पिवळा थर धरला, दुधाला वास आला आणि डेअरीतून अख्खी किटली परत आली. गरम पाण्याशिवाय दुधाची चरबी निघत नाही. धुण्याची पद्धत अशी आहे. धार संपली की लगेच कोमट पाणी मशीनमधून ओढून घ्यायचं. इथं कडकडीत पाणी नको, दूध भांड्याला शिजून चिकटतं. मग साठ-सत्तर अंशांचं, हाताला न सोसवणारं गरम पाणी आणि दुधाच्या भांड्यांसाठी मिळणारी पावडर. शेवटी स्वच्छ पाणी. मशीननं पाणी ओढून घ्यायला दोन-तीन मिनिटं मोटर पुरते. ब्रश मारायचा तो मोटर बंद करून, कप सुटे करून. मग सगळं उलटं टांगून निथळू द्यायचं.

पाणी तापवायचं कशावर, हा प्रश्न राहिला. अक्कांच्या परड्यात जुना गोबर गॅस पडून होता. घरात सिलिंडर आला तेव्हापासून बंद. मी म्हटलं, अक्का, सहा गाईंचं शेण उकिरड्यावर जातंय. २ घनमीटरच्या गोबर गॅसला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, ते तुमच्या दावणीला सहज आहे. मुलगा आधी नाही म्हणाला, मग एक दिवस स्वतःच त्यातला गाळ उपसायला उतरायला निघाला. इथं सावध करते, बंद पडलेल्या खड्ड्यात एकदम कुणी उतरू नका, आत विषारी वायू असतो, जीव जातो. माहितगार माणूस बोलावूनच ते काम करून घ्या. आम्हीही तसंच केलं. पाईप बदलला, शेगडी बसवली. आता दोन्ही वेळचं पाणी त्यावर तापतं. दुपारी काळा ड्रम पत्र्यावर ठेवून पाणी उन्हात ठेवतात, म्हणजे संध्याकाळी गॅसही कमी लागतो. स्लरी उसाला जाते ती वेगळीच.

ज्यांच्याकडे गोबर गॅस नाही त्यांनी सकाळचं पाणी अंघोळीच्या बंबावर तापवावं, बंब तसाही पेटलेलाच असतो. पण दोन्ही वेळचं सरपणावर आलं तर ते सरपण कोण गोळा करणार? परत आपणच. म्हणून जमेल तेव्हा सूर्यबंबाचा विचार करा, गटाचं कर्ज त्यालाही मिळतं. आणि काहीच नसेल तर निदान बादलीवर झाकण ठेवा आणि लागेल तेवढंच पाणी तापवा. रॉड लावून विसरू नका. ओल्या हातानं किंवा रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघू नका.

ज्या गटांकडे स्वतःचा दूध थंड करायचा कूलर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. दूध कासेतून ३७ अंशांच्या आसपास येतं आणि कूलरला ते ४ अंशांवर न्यायचं असतं. त्याला १०० लिटरमागं दीडेक युनिट लागतं. किटल्या आधी विहिरीच्या गार पाण्याच्या हौदात थोडा वेळ ठेवून, दूध ढवळून मग कूलरमध्ये ओतलं, तर पहिल्या आठ-दहा अंशांचं काम पाणीच करतं, म्हणजे जवळजवळ पाव वीज वाचते. पण यात वेळ दवडू नका, उन्हाळ्यात दूध नासायला वेळ लागत नाही. कूलरच्या मागच्या जाळीवरची धूळ दर आठवड्याला झाडा आणि मशीन भिंतीला चिकटून, उन्हात ठेवू नका.

आता अक्कांच्या घरचं पुढं काय झालं ते सांगते. ८० मिनिटांची मोटर ४५ मिनिटांवर आली. सहा गाई, एकेकीला सात मिनिटं आणि धुण्याची तीन. महिन्याचे ८० युनिट होते ते ४५ झाले. रॉडचे साठ गेलेच. बिल तेराशेच्या आत आलं. आधीपेक्षा जास्तच आहे, ते मी लपवत नाही. मशीन फुकट चालत नाही. पण त्या पैशात दोन बायकांचे हात सुटलेत. आजारी गाय बरी झाली, तिच्या त्या सडातून मात्र पहिल्याएवढं दूध येत नाही. तिच्याकडे बघितलं की मला अजून अपराधी वाटतं. चुकलेला हप्ता अक्कांनी पुढच्या तीन महिन्यांत थोडा थोडा करून भरला आणि कुजबुजणाऱ्या दोघींपैकी एकीनं आता मशीनसाठी अर्ज दिलाय. या वेळी आम्ही ठराव लिहिण्याआधी तिच्या गोठ्यात जाऊन वायर, व्होल्टेज, गाईंची संख्या आणि पाणी तापवायची सोय बघितली. दोन-तीन गाई असतील तर मशीनची घाई करू नका, हेही आम्ही आता सांगतो. चार-पाचजणी जवळ जवळ राहात असाल तर एका ढकलगाडीच्या मशीनवर भागतं का बघा. पण मग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेण्याआधी ते नीट धुतलंच पाहिजे, नाहीतर एकीच्या गाईची दगडी सगळ्यांच्या गाईंना.

शेवटी एक काम देते. करणार ना? एक वही घ्या. तारीख, मोटर कधी सुरू केली, कधी बंद केली, मीटरचा आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि दूध किती लिटर. फक्त तीन दिवस लिहा. लिहिता येत नसेल तर नातवंडाला सांगा, त्यांनाही गणित येतं त्यातून. मग १०० लिटर दुधामागं तुमचे किती युनिट गेले ते काढा. अक्कांचे आधी आठच्या आसपास जात होते, आता अडीच जातात. ती वही गटाच्या बैठकीला घेऊन या. बचतीची वही आपण आणतोच, तिच्याच शेजारी ही ठेवू. आणि कुणी कितीही शिकलेली बाई आली, माझ्यासारखी, आणि म्हणाली की काटा वाढवा, तर तिला आधी विचारा, "ताई, डॉक्टरांना विचारलंय का?"

अक्का परवा सही करायला बसल्या तेव्हा पेन हातात नीट धरलं होतं. सही अजून वाकडीच आहे. पण बोटं थरथरत नव्हती.

चला, संध्याकाळच्या धारांची वेळ झाली. आधी आंबोण कालवून घ्या, मग बटण दाबा. नमस्कार.